दोनदा वाजलं तर या

देवीदास गजभिये फोन उचलतात, हे जबलपूरच्या सदर भागातल्या त्या कार्यालयात सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. कुठल्याही अर्जावर 'संपर्क क्रमांक' असा रकाना दिसला की लोक आपला नंबर लिहीत नसत, देवीदासांचा लिहीत. पाण्याचे कॅन आणणारा त्यांनाच फोन करायचा, लिफ्ट दुरुस्त करणारा त्यांनाच, आणि साहेबांच्या घरचा गॅस संपला तर साहेबीणबाईही त्यांनाच. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये म्हणतात, पण ते म्हणतात फक्त, खणायचं कोणी सोडत नाही. देवीदासांना मात्र त्यात काही वावगं वाटत नसे. फोन वाजला की तो कोणाला तरी हवा असतो म्हणूनच वाजतो, असं त्यांचं साधं मत होतं.

त्यांचे वडील भंडाऱ्याकडून जबलपूरला तोफगाड्यांच्या कारखान्यात आले आणि घमापूरला दोन खोल्यांचं घर बांधून तिथेच राहिले. देवीदास वायरमन झाले. मग सदरमध्ये एका खाजगी कंपनीचं केंद्र उघडलं तेव्हा तिथे लागले. इस्पितळांची, पतसंस्थांची कॉम्प्युटरं सांभाळायची आणि त्यांत कोणी चोर शिरत तर नाही ना यावर नजर ठेवायची, हा त्या कंपनीचा धंदा. वरच्या मजल्यावरची पोरं पडद्याकडे बघत बसत. काही संशय आला की जिन्यावरून ओरडत, "देवीदासजी, बत्तीस नंबर!" मग देवीदास थंडगार खोलीत जात, बत्तीस नंबरच्या मशीनची तार उपटत आणि तिला लाल फीत बांधत. तार उपटताना त्या मशीनला हळूच "बस जरा" म्हणत. हे त्यांचं म्हणणं कोणी ऐकलं की हसायचं, आणि तेही हसायचे.

घरी मालनबाई आणि ते, दोघंच. पोटी मूल नव्हतं. पण शेजारच्या नागसेनची एकता होती. नागसेन आणि त्याची बायको दोघं सकाळीच नोकरीवर जात, त्यामुळे पोरगी मालनबाईंच्या स्वयंपाकघरातच वाढली. तिच्या वेण्या मालनबाईंनी घातल्या, पाढे मालनबाईंनी घेतले. तापात ती आईऐवजी मोठीआईचं, म्हणजे मालनबाईंचं, नाव घ्यायची, आणि नागसेनची बायको ते मनाला न लावून घेण्याइतकी शहाणी होती.

आता मिस्ड कॉलचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मालनबाई फोनवर बोलत नसत. फोन कानाला लावला की त्यांना शब्दच सुचत नसत. म्हणून नवराबायकोंनी फार वर्षांपूर्वी एक रीत पाडली होती. दुपारी जेवून, छातीची गोळी घेऊन झाली की मालनबाई एक घंटी द्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. म्हणजे, जेवले, गोळी घेतली, काळजी नको. देवीदास उलट एक घंटी द्यायचे. म्हणजे, कळलं. आणि लागोपाठ दोन घंट्या आल्या तर असाल तसे या. तेव्हाही देवीदासांनी उलट एक घंटी द्यायची आणि निघायचं.

अकरा वर्षांत दोन घंट्या तीनदा आल्या होत्या. एकदा मालनबाईंना चक्कर आली तेव्हा, एकदा नागसेनचे वडील मोरीत घसरले तेव्हा, आणि एकदा माकड स्वयंपाकघरात शिरून पिठाच्या डब्यावर बसलं तेव्हा. तिन्ही वेळा अर्ध्या तासाच्या आत देवीदास ऑटोतून उतरून दारात हजर. माकडाच्या वेळी साहेबांनी विचारलं, "ऐसी क्या इमरजेंसी थी?" देवीदासांनी खरं ते सांगितलं आणि पुढे महिनाभर ऑफिसात त्यांना बघून पोरं दात दाखवायची.

एकता इंजिनिअर झाली. तिचा अर्ज देवीदासांनीच शैलेंद्रजींच्या, म्हणजे वरच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. ती लागली आणि सहा महिन्यांत तिने जिन्यावरचं ओरडणं बंद केलं. एका दुपारी चहाच्या टपरीवर ती त्यांना समजावून सांगत होती.

"मोठेबाबा, आता तुम्हाला धावायचं काम नाही. आपला जो इन्सिडेंट प्लॅटफॉर्म आहे नं, त्याला गडबड दिसली की तो स्वतःच निरोप पाठवते. त्याला वेबहुक म्हणतात."

"कोणाले पाठवते?"

"एका पत्त्यावर. तिथं माझा प्रोग्राम बसून राहते. निरोप आला की तो उठते आणि ठरलेली कामं करून टाकते. खातं बंद कर, मशीन वेगळी कर, नोंद लिही. त्याला वर्कफ्लो म्हणतात. कोणी घडीघडी जाऊन विचारायचं नाही, की भैया, कुछ हुआ क्या."

देवीदासांनी बशीतला चहा संपवला. "म्हणजे तुह्या मोठीआईचा मिस्ड कॉल."

एकता हसली. "बिलकुल. बस वही."

देवीदासांना त्या दिवशी फार बरं वाटलं. इतक्या शिकलेल्या पोरीने शहरभर पसरलेल्या यंत्रांना जे शिकवलं ते आपल्या घरी मालन केव्हापासून करतेय, ही गोष्ट त्यांनी रात्री जेवताना मालनबाईंना सांगितली. मालनबाई म्हणाल्या, "मंग माहा पगार काढा म्हणा त्यायले."

पण यंत्राला एवढी मोकळीक देणं पहिल्याच महिन्यात नडलं. एका इस्पितळाचा डॉक्टर शिबिरासाठी कुंडमला गेला, तिथून त्याने खातं उघडलं, आणि प्लॅटफॉर्मला वाटलं चोर. निरोप गेला, वर्कफ्लो उठला, त्याने इस्पितळाची मशीनच वेगळी करून टाकली. दोन तास रुग्णांचे रिपोर्ट अडकले. मग ठरलं की मशीन वेगळी करण्याआधी एका माणसाचा होकार घ्यायचा. वर्कफ्लो फोन लावेल, 'मशीन वेगळी करायची असल्यास एक दाबा' असं सांगेल, माणूस विचार करून दाबेल. तीन मिनिटांत कोणी दाबलं नाही तर फोन शैलेंद्रजींना जाईल. नंबर कोणाचा टाकायचा, या प्रश्नावर बैठकीतल्या सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं.

देवीदासांनी ते काम फार मनाला लावून केलं. कोण डॉक्टर कुठे गेलाय, याचा कागद ते खिशात बाळगत. शंका असली तर आधी त्याला फोन करून विचारत आणि मगच एक दाबत. दीड वर्षात एकही फोन शैलेंद्रजींपर्यंत गेला नाही. फक्त एक अडचण व्हायची. यंत्राचा फोन चालू असताना दुसऱ्या कोणाचा आला की मध्येच टूं-टूं वाजायचं, आणि त्या गोंधळात दाबलेला एक यंत्राला कळायचा नाही. दोनदा असं झालं. तेव्हा एकतानेच त्यांच्या फोनवरचं ते कॉल वेटिंग बंद करून दिलं. आता एक फोन चालू असला की दुसरा आलेला कळायचाच नाही. काम सोपं झालं.

फेब्रुवारीतला गुरुवार होता. सकाळी एकता म्हणाली, "मोठेबाबा, नवीन गिऱ्हाईक जोडून राहिली. टेस्टमधे तुमचाच नंबर टाकते, चालते नं?"

"टाक नं. विचारतेस कायले?"

पावणेदोनच्या आसपास तिने चाचणी सुरू केली, पहिला फोन नीट गेलेला पाहिला, आणि मैत्रिणीबरोबर सदर बाजारात जेवायला गेली. देवीदास खालच्या खोलीत डबा उघडून बसले होते. त्यांनी एक दाबला. लगेच फोन पुन्हा वाजला. तीच चाचणी. त्यांनी पुन्हा एक दाबला. पुन्हा वाजला. दुसरा कोणी असता तर फोन उलटा करून पोळी खाल्ली असती. देवीदासांनी डबा बाजूला सरकवला. चाचणी असली तरी फोन साहेबांकडे गेला तर पोरीच्या नावाने बोट दाखवतील, हे त्यांच्या डोक्यात. चौदा फोन आले त्या वीस-बावीस मिनिटांत, आणि चौदाही वेळा त्यांनी एक दाबला.

मधल्या एका फटीत, चौथा फोन संपून पाचवा यायच्या आत, मालनबाईंची एक घंटी वाजली. देवीदासांच्या चेहऱ्यावर तेवढ्यातही हसू आलं. मालन जेवली, गोळी घेतली. पाचवा फोन आटोपल्यावर त्यांनी घाईघाईने उलट एक घंटी दिली. कळलं.

संध्याकाळी ते नेहमीसारखे सव्वासहाला घरी पोचले. येताना गोलबाजारातून मेथी घेतली होती. दाराला कडी लावलेली नव्हती, नुसतं लोटलेलं होतं. मालनबाई दुपारी एकट्या असताना दार कधी उघडं ठेवत नसत, म्हणून ते उंबऱ्यावर क्षणभर थांबले आणि मग आत गेले.

मालनबाई पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसल्या होत्या. पायात चपला होत्या. बाहेर जायची ती पांढरी-निळी साडी नेसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डॉक्टरची फाइल, चष्मा आणि पाण्याची बाटली. हात पिशवीवर होता आणि हात गार होता.

देवीदासांनी आधी ती पिशवी उचलून खुंटीला टांगली. मग वाकून पायातल्या चपला काढल्या आणि दाराशी जोडीने ठेवल्या. मग हाक मारली, "नागसेन, ये बाबू, लवकर ये." आधी पिशवी आणि चपला का काढल्या, हे त्यांना तेव्हा कळलं नाही. डॉक्टर आले, छाती तपासली, म्हणाले, "तीन घंटे से ऊपर हो गए. तीन बजे के आसपास गई होंगी."

दुसऱ्या दिवशी सगळं झालं. विहारातले लोक आले, वंदना झाली. पांढरी साडी नेसलेली एकता रडत होती, तिला आवरता आवरता तिच्या आईचा जीव अर्धा झाला. देवीदास रडले नाहीत. लोकांनी पाणी पाजलं ते प्यायले, बस म्हटलं तिथे बसले.

तिसऱ्या दिवशी भंडाऱ्याच्या एका लांबच्या साळ्याला कळवायचं राहिलं म्हणून त्याचा नंबर शोधायला त्यांनी मालनबाईंचा फोन उघडला. एकताचाच जुना फोन तो, तिनेच मोठीआईला दिलेला. वरच कॉलची यादी होती. मालनबाई दुसऱ्या कोणाला फोन करत नसत, त्यामुळे यादीत तीच ती ओळ होती, 'एकताचे मोठेबाबा', दिवसामागून दिवस, दुपारी एकदा तिची घंटी, एकदा त्यांची उलट. गुरुवारी मात्र तिची दोनदा. एक वाजून एकावन्न मिनिटं. एक वाजून बावन्न मिनिटं. आणि मग त्यांची स्वतःची उलट आलेली घंटी, एक त्रेपन्नची.

देवीदासांनी ते तीन आकडे किती वेळ पाहिले याचा हिशेब नाही. दुसरी घंटी दिली तेव्हा यांच्या कानाला पाचवा फोन होता. तिकडे व्यस्तचा आवाज येत असणार, पण मालन घंटी दिली की ऐकत कुठे बसायची, लगेच ठेवून द्यायची. आणि मिनिटाभरात तिला उलट घंटी आली. कळलं. म्हणजे निघाले. मग तिने दाराची कडी काढली, आल्यावर त्यांना ताटकळायला नको म्हणून. साडी बदलली, चपला घातल्या, फाइल मांडीवर घेतली आणि वाट पाहत बसली. शेजारीपाजारी कोणाला हाक मारली नाही. कशाला मारेल? तिचा माणूस निघाला होता. तिन्ही वेळा अर्ध्या तासात आला होता. तासभर बसली ती तशी, दाराकडे पाहत. तेव्हा देवीदास पहिल्यांदा रडले, तोंडात गमछा कोंबून, शेजारी आवाज जाऊ नये म्हणून.

त्यांनी ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. फोन उशीखाली ठेवायचे आणि रोज एकदा उघडून ती बावन्नची ओळ पाहायचे. मालनने त्यांना सांगितलेली ती शेवटची गोष्ट होती. या, म्हणाली होती.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. त्यानंतरच्या रविवारी एकता आली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती चटईवर बसली. मग ऑफिसचंच काढलं.

"मोठेबाबा, त्या दिवशी इतके फोन काहून आले ते सापडलं. चूक माझीच होती. प्लॅटफॉर्मचा निरोप आला की माझ्या प्रोग्रामने आधी म्हणायला पाहिजे, पोचला. मग पुढचं काम. या नवीन गिऱ्हाइकाचं लिहिताना मी उलटं लिहून ठेवलं होतं. तुम्ही एक दाबला की मगच तो पोचला म्हणायचा. प्लॅटफॉर्म दहा सेकंद वाट पाहते. उत्तर नाही आलं की त्याला वाटते निरोप पोचलाच नाही, तो परत पाठवते. म्हणून परत-परत. आता नीट केलं मी. आधी पोचला म्हणायचं."

"बरं केलं," देवीदास म्हणाले. पोचला म्हणायला काय लागतं, त्यांच्या मनात आलं. मीही म्हटलं, पोचला. अर्धा निरोप घेतला आणि अख्खा पोचला म्हणून मोकळा झालो.

एकता नखाने चटईचा धागा काढत होती. "एक विचारू? मी टेस्ट लावली होती त्याच वेळी... मोठीआईचा फोन आला होता काय?"

म्हणजे पोरीने वेळा जुळवल्या होत्या. डॉक्टरांनी तीन सांगितले, चाचणी पावणेदोन ते दोन-सव्वादोन. इतके दिवस ती हेच घेऊन हिंडत होती. आणि रीत तिला माहीत होती. एक घंटी, दोन घंट्या, त्यावरच तर ती वाढली होती. माकडाच्या दिवशी त्या दोन घंट्या तिनेच मोठीआईच्या सांगण्यावरून दिल्या होत्या.

"आला होता नं. एक. जेवल्याचा."

"एकच?"

"एकच."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. देवीदासांना आयुष्यात खोटं बोलायची सवय नव्हती आणि ते त्यांच्या तोंडावर दिसत असणार. मग ती हळूच म्हणाली, "मोठीआईचा फोन द्या. फोटो काढून घेते त्याच्यातले."

"देतो. आधी चहा ठेव. माह्यं डोकं दुखून राहिलं."

ती उठून आत गेली. साखरेचा डबा कुठे, गाळणी कुठे, तिला विचारावं लागत नव्हतं. भांड्यात पाणी पडल्याचा आवाज आला. देवीदासांनी उशीखालून फोन काढला. गुरुवारची यादी उघडली आणि बावन्नच्या ओळीवर अंगठा ठेवला. तो तसाच दाबून धरला की काय होतं, हे एकतानेच कधीतरी मालनबाईंना शिकवताना त्यांनी पाहिलं होतं. पडद्यावर हिंदीतून प्रश्न आला. ही नोंद काढून टाकायची का? खाली दोन शब्द होते, 'हाँ' आणि 'नहीं'.

दीड वर्ष देवीदासांनी दुसरं काय केलं होतं? यंत्र विचारायचं, ते विचार करून होकार द्यायचे. डॉक्टर कुठे गेलाय बघायचे, कोणाचं काय अडेल बघायचे, मगच दाबायचे. इथे विचार करायला तीन मिनिटंही नव्हती, आत आधण येत होतं. ही ओळ गेली की मालनने बोलावल्याचं जगात कुठेही काही उरणार नव्हतं, त्यांच्या डोक्यात उरेल तेवढंच. आणि ही ओळ राहिली तर आत चहा करणारी पोरगी उरलेला सगळा जन्म त्या दाराकडे पाहत बसेल. दोघांनी बसायचं काही कारण नव्हतं. एक माणूस पुरे होता.

"बस जरा," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी 'हाँ' दाबलं.

एकता चहा घेऊन आली. कप खाली ठेवून तिने फोन हातात घेतला. फोटो तिने उघडलेच नाहीत, आधी कॉलची यादी उघडली. देवीदास बशीत चहा ओतत राहिले. थोडा सांडला.

तिचा अंगठा गुरुवारवर येऊन थांबला. मग तिच्या तोंडून श्वास सुटला, आणि लहानपणी पडली की यायची तशी ती पुढे सरकून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडू लागली. पंधरा दिवसांचं सगळं त्यात होतं. देवीदास तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले.

"एकच होता," ती रडता रडता म्हणाली.

"हो बेटा," देवीदास म्हणाले. "जेवली होती ती."